कसर न लागलेला कागद

१

तिसरा कागद उलटताना सुलभाताई इंगवल्यांचा हात थांबला. त्यांनी दुसरा पुन्हा पाहिला. मग चौथा. मग पाचही कागद एकावर एक नीट रचून खिडकीकडे धरले.

"काय झालं, काकू?" निवेदिताने विचारलं.

"जरा थांब, बाई."

गुरुवारची सकाळ. डब्लिनच्या सँडीफोर्डमधल्या एका काचेच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे 'लॅनिगन कागदपत्र प्रकल्प'. निवेदिता कारखानीस तो चालवत होती. दोनशे वर्षांपूर्वी मेजर लॅनिगन नावाचा एक आयरिश माणूस कंपनी सरकारचा वकील म्हणून भैरवडीच्या सरदारांकडे राहिला होता. शेजारचं हे मराठी राज्य किती धोक्याचं, त्याला डिवचलं तर काय होईल, याचा त्याने कलकत्त्याला एक अहवाल धाडला. भैरवडीकडे अठरा हजार घोडा आहे, छेडू नये, असं त्यात लिहिलं होतं. कंपनीने ते मानलं आणि चार वर्षं तिकडे लढाई झाली नाही. याच अहवालावर निवेदिताने सहा वर्षं घालवून पुस्तक लिहिलं होतं. बलाढ्य शेजाऱ्याचा अंदाज डोळ्यांनी बघून, स्वतः मोजून कसा घ्यावा, याचा लॅनिगन हा तिच्या लेखी आदर्श. पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. पुढच्या मंगळवारी तरुण राजनैतिक अधिकाऱ्यांच्या एका वर्गात ती त्यावर बोलणार होती. आणि विद्यापीठातली तिची कायम नेमणूक त्या पुस्तकावर अडली होती.

त्यातच गेल्या रविवारी मेजरच्या वंशातल्या फिडेल्मा लॅनिगन बाईंना माळ्यावरच्या पेटीत एक लाल फडक्याचं गाठोडं सापडलं. आत मोडीतले कागद, भैरवडी पुढे पडली तेव्हा तिथल्या दफ्तरातून मेजरने न वाचताच उचललेले असावेत. वाचणार कोण? कोल्हापूरच्या अभिलेखागारात तेहतीस वर्षं जुन्या कागदांचे रुमाल सोडण्या-बांधण्यात घालवलेल्या सुलभाताई सध्या लेकीकडे, क्षितिजाकडे, ओंगार उपनगरात राहत होत्या. त्यांना बोलावलं गेलं. त्यांच्यासमोर आज गाठोडं इथे आल्यापासून पहिल्यांदा सुटत होतं. निदान सगळे तसं म्हणत होते.

सुलभाताईंनी कागद टेबलावर ठेवले.

"हे भोक बघ. कसर लागलेली आहे. पहिल्या कागदात आहे, दुसऱ्यात त्याच जागी आहे. चौथ्यात, पाचव्यात त्याच जागी. तिसऱ्यात मात्र भोकच न्हाई."

"म्हणजे?"

"कसर पोखरत जाते, निवेदिता. मधला कागद सोडून ती उडी मारत न्हाई." त्यांनी तिसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "हा कागद जुनाच आहे, खरा आहे. पण ह्या गाठोड्यातला न्हाई. इथला कागद कुणीतरी काढून घेतलाय, आणि त्याच्या जागी हा सारलाय."

खोलीत चार माणसं होती, पाचवं दारात. मग टेबलाच्या टोकाशी बसलेल्या फिडेल्मा बाईंनी इंग्रजीत हळूच विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

निवेदिताने भाषांतर केलं नाही. ती सुलभाताईंकडे नुसती बघत राहिली.

२

गाठोड्याचा इतिहास छोटा होता. फिडेल्मा बाईंनी कागद मोजले, पाच भरले, आणि 'पाच पानं' अशी चिठ्ठी फडक्याला टाचली. सोमवारी दुपारी गाठोडं आणून दिलं. निवेदिताने त्यांच्यादेखतच ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोघी एकत्रच खाली उतरल्या, आणि निवेदिता तिथूनच कॉर्कला व्याख्यानासाठी गेली. परत आली ती आज सकाळी, थेट स्टेशनवरून. कपाटाची किल्ली मात्र चहाच्या खोलीत खिळ्याला.

"खिळ्याला?" सुलभाताईंनी विचारलं.

"इथे आजवर काही चोरीला गेलं नव्हतं, काकू."

मधले दोन दिवस ऑफिस परेशच्या ताब्यात होतं. परेश चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. सुट्टी काढून इथे हौसेने कागदांचे फोटो काढायचा. ऑनलाइन वर्गात मोडी शिकला होता आणि ते सगळ्यांना सांगायचा.

"मी कपाट उघडलंच नाही, काकू. गॉड प्रॉमिस," तो म्हणाला. "मंगळवारी फिडेल्मा आली होती, तिची छत्री राहिली होती म्हणून. मी खाली पार्सल घ्यायला गेलो तेव्हा ती इथे एकटी होती, पाचेक मिनिटं. आणि काल पद्माकरकाका होते. घरी एकट्याला करमत नाही म्हणून आले. दोन तास खुर्चीत झोपले."

पद्माकरकाका म्हणजे निवेदिताचे वडील. पुण्याच्या दफ्तरात उभा जन्म काढलेला माणूस. सुलभाताईंनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण पद्माकररावांनी केलेल्या रुमालांच्या याद्या सुलभाताईंच्या टेबलावर तीस वर्षं होत्या. अशा माणसाला भेटायचं म्हणून आज त्या इरकल नेसून आल्या होत्या. पण भेट झाली ती चहाच्या खोलीत एका खांदे पाडलेल्या म्हाताऱ्याशी. "डोळे गेले हो, सुलभाताई," ते म्हणाले होते. "ऑपरेशन करूनही उपयोग नाही. अक्षर म्हणजे नुसती मुंग्यांची रांग."

"तो कागद तू वाचून बघ बरं," सुलभाताईंनी तिसरा कागद परेशपुढे सरकवला. 

परेश खूश झाला. बोट ठेवत, अडखळत वाचू लागला. "श्री... राजश्री... गोसावी यांसी... छ पाच रज्जब... सन... इहिदे... मया... तैन." तो थांबला. "हा इहिदे कोण? सरदार असेल कुणी. मुसलमानी नाव वाटतंय."

सुलभाताईंनी मान हलवली. हसू मात्र दाबलं. छ म्हणजे चांद्र तारीख, इहिदे म्हणजे एक. इहिदे मयातैन व अलफ म्हणजे बाराशे एक, जुन्या सुहूर सनाचं वर्ष. मोडीची अक्षरं महिन्या-दोन महिन्यांत येतात. ही अरबी आकड्यांची भाषा दफ्तरात वर्षानुवर्षं बसल्याशिवाय येत नाही.

"ह्या ऑफिसात मोडीतले दुसरे जुने कागद हायत का?"

"आहेत ना. शाळांत दाखवायला निवेदिताने पुण्याच्या रद्दीवाल्याकडून घेतलेले. चाळीस आहेत." परेशने एक पेटी काढली. आत प्लॅस्टिकच्या पाकिटांत एकेक कागद. सुलभाताईंनी पाकिटं मोजली. चाळीस. पुन्हा मोजली. एकही पाकीट रिकामं नव्हतं.

मग हा आगंतुक कागद डब्लिनमध्ये आला कुठून?

त्या वळल्या तेव्हा परेश त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता.

"काकू, एक विचारू? राग नका मानू. काकांना दिसत नाही, आणि आमच्यापैकी बाकी कुणालाच नीट मोडी येत नाही. असले जुने कागद घरात असणारं माणूस इथे एकच आहे..." तो अडखळला. "म्हणजे, तुमच्या पिशवीतून आधी काय काय निघालं, ते आम्ही कुठे बघितलं?"

३

दुपारचा चहा कुणालाच गोड लागला नाही.

सुलभाताईंनी आपली पिशवी न बोलता टेबलावर उपडी केली होती. चष्म्याचं घर, भिंग, रुमाल, बसचं कार्ड, आणि अबोलीने, नातीने, सकाळी कोंबलेला चॉकलेटचा तुकडा. परेश दहा वेळा सॉरी म्हणाला. पण संशय कुंकवाच्या डागासारखा असतो, पुसला की जास्तच पसरतो. आता निवेदिता परेशकडे तिरकं बघत होती, परेश फिडेल्मा बाईंकडे, आणि फिडेल्मा बाई सगळ्यांकडे.

"मला एकदा सरळ विचारा," त्या अखेर म्हणाल्या. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, शेतीतल्या हाताच्या बाई. त्या सावकाश बोलत, म्हणजे सुलभाताईंना कळावं. "तुम्हाला वाटतंय की मी काढला. घराण्याची अब्रू म्हणून."

"तसं कारण तुम्हाला आहे का?" सुलभाताईंनी आपल्या तुटक इंग्रजीत विचारलं.

"आहे की. आमच्याही शेजारी एक बलाढ्य राज्य होतं. माझ्या आजोबांचा भाऊ इंग्रजांच्या गोळीने मेला. आणि त्याच घराण्यातला एक पूर्वज त्यांच्या पगारावर हिंदुस्थानात गेला, हे आमच्याकडे जेवताना कुणी बोलत नसे. निवेदिताने तो अहवाल शोधला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, बरं झालं, त्याने एक लढाई तरी टाळली." त्यांनी कप खाली ठेवला. "पण ते अक्षर माझ्यासाठी म्हणजे गोगलगायीचा माग. कुठला कागद काढायचा, हे मला कसं कळणार?"

खरं होतं ते. समोर बिस्किटांचा पुडा फिरत होता. सुलभाताईंनी एक उचललं.

"थांबा थांबा, सुलभाताई." पद्माकररावांनी पुडा हातात घेऊन फिरवला, डोळ्यांशी नेला. "यात अंडं आहे. आज तुमचा गुरुवार ना? सकाळी म्हणालात."

"अगबाई. बरं झालं सांगितलंत." त्यांनी बिस्कीट परत ठेवलं.

निवेदिता एकदम उठली. "मी विद्यापीठाला कळवते. कागद गहाळ आहे म्हणून. पोलीस, चौकशी, काय व्हायचं ते होईल. सहा वर्षांचं काम आहे माझं, त्यावर असा डाग नको." तिचा आवाज फाटला. "आणि लोक पहिलं मलाच विचारतील. त्या कागदाने कुणाचं नुकसान होणार होतं? माझंच ना?"

"तू तर कॉर्कला होतीस, बाळ," पद्माकरराव घाईने म्हणाले. "तुझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही."

"मी नव्हते. पण माझ्यासाठी करणारं कुणी होतं की नाही, हे विचारतीलच ना?" तिची नजर परेशवर गेली.

परेशचा चेहरा पांढरा पडला. "वॉट डू यू मीन, निवेदिता?"

"उद्यापर्यंत थांब," सुलभाताई म्हणाल्या. "उद्या दहापर्यंत. मग कुणाला कळवायचं त्यांना कळव."

"उद्या काय होणार आहे?"

ते सुलभाताईंनाही ठाऊक नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी ओंगारवरून निघताना क्षितिजा दारात उभी होती. "आई, कशाला पडतेस त्यात? तुझं नाव पोलिसात गेलं तर व्हिसाचं काय? सांग ना त्यांना, मला नाही जमत."

"माझी पिशवी उपडी केली त्यांनी, क्षितिजा. आता जमवल्याबिगर राहवायचं न्हाई."

क्लोन्सिलाहून गाडी, मग ब्रूमब्रिजला लुअस नावाची ट्राम. ट्राममध्ये खिडकीशी जागा मिळाली. त्यांनी वही काढली आणि पाच कागदांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. जमादिलावल. जमादिलाखर. रज्जब. साबान. रमजान. सगळे त्याच बाराशे एक सालातले.

त्यांनी पेन्सिल थांबवली.

रज्जब. आगंतुक कागदाचा महिना रज्जब. जमादिलाखर आणि साबान यांच्या बरोबर मधला. ज्याने तो सारला, त्याने नुसता एक जुना कागद घेऊन कोंबला नव्हता. साल जुळवलं होतं. महिना जुळवला होता. आणि तो जिथे बसायला हवा तिथेच बसवला होता.

चोराला एवढ्याची गरज काय? चिठ्ठीवर 'पाच पानं' आहे, पाच भरली की झालं. परेश असता तर हाताला येईल तो कागद घातला असता. इहिदे त्याच्या लेखी कुणी सरदार. फिडेल्मा बाईंनी तर उलटाच घातला असता. हे चोरीचं काम नव्हतं, सवयीचं होतं. कागद लपवतानाही ज्याला रुमालाचा क्रम मोडवत नाही, असं ते माणूस.

दफ्तरातलं माणूस. त्यांच्यासारखंच.

मग दुसरी गोष्ट आपोआप सुचली. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांच्या साहेबांनी सांगितली होती, आणि पुण्याच्या दफ्तरातही पहिल्या दिवशी हेच सांगत असणार: काहीही होवो, कागद दफ्तराबाहेर न्यायचा नाही. असा माणूस कागद खिशात घालणार नाही. फाडणार तर मुळीच नाही. तो ठेवील, जिथे कागद ठेवतात तिथेच.

चाळीस पाकिटं. त्यांनी पाकिटं मोजली होती. आतले कागद कुठे बघितले होते?

आणि तिसरी गोष्ट आठवली तेव्हा त्यांना खरंच बरं वाटेना. बिस्किटाचा पुडा. मागच्या बाजूला, चुण्यांत गेलेली, तिळाएवढी इंग्रजी अक्षरं. त्यांना स्वतःला चष्मा लावूनही ती वाचता आली नसती. "यात अंडं आहे," असं किती मायेने सांगितलं होतं त्या माणसाने.

५

ऑफिसात परेश अजून आला नव्हता. चहाच्या खोलीत पद्माकरराव एकटेच बसले होते. निवेदिता त्यांना सोडून खाली फोनवर बोलत होती. सुलभाताईंनी त्यांना नुसता नमस्कार केला, आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली आणि एकेक पाकीट उजेडाकडे धरलं. 

एकोणिसावं पाकीट. कागदाच्या डाव्या अंगाला वरून तीन बोटांवर एक भोक. त्यांनी गाठोड्यातला दुसरा कागद त्यावर ठेवला. भोकातून भोक आरपार दिसलं.

त्यांनी तो तिथेच, उभ्या उभ्या वाचला. वाचून झाल्यावर खुर्ची ओढून बसल्या.

"सापडला तर," दारातून आवाज आला.

पद्माकरराव चौकटीला धरून उभे होते. सुलभाताईंनी कागद टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"बसा, पद्माकरराव."

"तुम्ही शोधाल हे मला काल कळलं. तुम्ही कागद उजेडाकडे धरलात ना, तेव्हाच." ते बसले. "काढायला नव्हतो आलो हो. बुधवारी एकटा होतो. नवीन रुमाल आलाय असं परेश म्हणाला. चाळीस वर्षांची खोड, हात शिवशिवले. म्हटलं, नुसतं बघावं. परेश खाली जेवायला गेला. तिसरा कागद वाचला आणि घामच फुटला."

"डोळ्यांचं खोटं कशाला बोललात?"

खाली लुअसची घंटा वाजली.

"ते आधीचं आहे. दोन वर्षांपूर्वीचं. तिने मला पुस्तकाची पहिली प्रकरणं वाचायला पाठवली. अठरा हजार घोडा! सुलभाताई, भैरवडीचे चाऱ्याचे कागद माझ्या हाताखालून गेलेत. तेवढ्या घोड्यांना तिथे गवत नव्हतं. मला पहिल्या पानालाच शंका आली. पण तिचा आवाज ऐकला असतात तुम्ही फोनवर... नवऱ्याशी फाटलेलं, इथे एकटी, हेच एक पुस्तक धरून उभी. मी म्हटलं, ऑपरेशन बिघडलं, वाचता येत नाही. वाचलं असतं तर बोलावं लागलं असतं."

"आणि काल त्या पोराकडे तिने चोर म्हणून बघितलं, तेव्हा?"

पद्माकररावांनी मान खाली घातली.

"मला वाटलं, दोन-चार वर्षांनी पेटीत आपोआप सापडेल कुणालातरी. तोवर तिची नेमणूक झालेली असेल."

"पेटीत आपोआप काही सापडत न्हाई. तुम्ही-आम्ही शोधतो म्हणून सापडतं." सुलभाताईंचा आवाज चढला होता, त्यांनी तो आवरला. "तुमच्या याद्या पुढ्यात ठेवून मी काम शिकले, पद्माकरराव. त्यात एक ओळ खोटी निघाली न्हाई कधी."

त्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा दुसरी कुठली देता आली नसती.

"तुम्ही सांगा तिला," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

"काय सांगायचंय मला?"

निवेदिता दारात उभी होती. मागे परेश, हातात कॉफीचे दोन कप.

६

कागद कुणी हलवला एवढं सुलभाताईंनी सांगितलं; तो फिडेल्मा बाई आल्यावरच वाचायचा, असं निवेदिताने ठरवलं. कागद त्यांचा होता. मधला पाऊण तास ती खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. वडिलांशी बोलली नाही. एकदाच वळली ती परेशकडे. "सॉरी," म्हणाली. परेशने इथल्यासारखं "इट्स ग्रँड," म्हणून मान हलवली, पण कॉफी तिच्यासमोर न ठेवता लांब ठेवली.

बाई आल्या. सुलभाताईंनी चष्मा पुसला आणि कागद उचलला.

"तुम्ही नको, काकू." निवेदिताने तो त्यांच्या हातून घेतला आणि वडिलांसमोर ठेवला. "पहिल्यांदा ज्याने वाचला, तोच वाचू दे."

"निवेदिता..."

"वाचा, बाबा."

पद्माकररावांनी चष्मा सारखा केला. सुरुवातीला आवाज फुटेना. मग जन्मभराची सवय मदतीला आली. कागदावर बोट न ठेवता, कुठेही न अडखळता ते वाचू लागले, आणि निवेदिता वाक्यावाक्याला इंग्रजी करून फिडेल्मा बाईंना सांगू लागली.

"श्रीमंत राजश्री सरदार साहेबांचे सेवेसी, विनंती सेवक अंताजी शामराव, कृतानेक साष्टांग नमस्कार, विज्ञापना. येथील वर्तमान छ नऊ रज्जबपर्यंत यथास्थित असे. विशेष. लानगीन साहेब लष्कर मोजावयास आले. आपला घोडा तीन हजार. आज्ञेप्रमाणे ओढ्याआडून फिरवून तोच सहा वेळ पुढून नेला. साहेब माळावर उभे राहून स्वदस्तुरें लिहीत होते. अठरा हजार लिहिला. याचा कागद पुढील मासीं कलकत्त्यास जाईल. आतां दोन-तीन वर्षें इंग्रज इकडे पाहणार नाही."

परेशच्या तोंडून शीळ निघता निघता राहिली. निवेदिता टेबलाची कड धरून होती. स्वतःच्या डोळ्यांनी बघून, स्वतः मोजून. तिच्या पुस्तकाचं पहिलं वाक्यच ते होतं. ज्या धोक्याचा अंदाज लॅनिगनने घेतला, तो अंदाज त्या धोक्यानेच त्याला लिहून दिला होता.

पद्माकरराव थांबले होते.

"संपलं?" फिडेल्मा बाईंनी विचारलं.

"नाही," सुलभाताई म्हणाल्या.

पद्माकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यासाठी हात नेला, पण ते पँटमध्ये होते. त्यांनी तसाच पालथ्या हाताने चेहरा पुसला.

"पुढे वाचा, बाबा."

"साहेब भला माणूस. आमचे घरीं येऊन मुलांस मिठाई देतो. आम्हांवर विश्वास टाकितो. त्यास फसविलें याचें मनास फार लागतें. परंतु राज्य राहिलें पाहिजे, यास्तव केलें. साहेबांस हें कधीं कळों न द्यावें. बहुत काय लिहिणें. लोभ असों द्यावा हे विनंती."

फिडेल्मा बाईंनी आधी ओठ आवळले, आणि मग त्या एकदम हसल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या.

"एका कारकुनाने," त्या म्हणाल्या, "सहा चकरा मारून सगळ्या साम्राज्याला थांबवलं! आणि आमचा गाढव वहीत लिहीत बसला." मग त्या गंभीर झाल्या. "पण लढाई टळली ना? ते तर खरं?"

"टळली," निवेदिता म्हणाली. "चार वर्षं."

"मग मला पुरे आहे. तुझं काय?"

निवेदिताने फोन उचलला आणि सगळ्यांदेखत प्रकाशकाला लावला. सोमवारी छापू नका, म्हणाली. का, ते विचारत असावेत. "कारण पुस्तक चुकीचं आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज या वेळी फाटला नाही.

मंगळवारच्या वर्गात तिने अहवालाबरोबर अंताजीचं पत्र वाचलं. तरुण अधिकारी दीड तास प्रश्न विचारत होते. त्याचा विद्यापीठाला काही उपयोग नव्हता. पुस्तकाशिवाय नेमणूक नाही, आणि ती जागा महिन्याभरात दुसऱ्या कुणाला मिळाली. निवेदिताच्या वाट्याला आणखी एका वर्षाचा करार आला. सुलभाताई दर गुरुवारी जाऊन उरलेले चार कागद वाचून देत राहिल्या. परेश त्यांच्याशेजारी बसून अरबी आकडे पाठ करायचा.

निवेदिताच्या ब्युमॉन्टच्या घरात बाप-लेकीचं बोलणं तीन आठवडे बंद होतं. पद्माकरराव सकाळी पोहे करून झाकून ठेवत, संध्याकाळी ताटली रिकामी मिळे, एवढाच व्यवहार. त्यांनी परतीचं तिकीट अलीकडे करून घ्यायचं ठरवलं होतं. एका शनिवारी ते वरणाला फोडणी देत असताना निवेदिता स्वयंपाकघरात आली. हातात छापलेल्या पानांची चळत आणि एक लाल पेन होतं. तिने गॅस बंद केला आणि दोन्ही ओट्यावर ठेवलं.

"पहिलं प्रकरण नव्याने लिहिलंय," ती म्हणाली. "वाचा. आणि या वेळी बोला."